तिठ्याअलीकडची पासिंग प्लेस

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परीक्षितने साडेसहाशे सीसीची नवी कोरी मोटरसायकल घेतली, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याला पुन्हा मिसरूड फुटलं. गडद हिरवी टाकी, जुन्या वळणाचा गोल दिवा, दोन सायलेन्सर. बेअर्सडेनमधल्या त्यांच्या गल्लीत गाडी पहिल्यांदा शिरली तेव्हा शेजारचे दोन पडदे हलले. त्याचा त्याला मनापासून आनंद झाला.

ग्लासगोत येऊन त्याला अकरा वर्षं झाली होती. एका बँकेच्या ऑफिसात तो सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरायचा. जी चूक पुन्हा करून दाखवता येत नाही ती चूक नव्हे, तो भास, एवढाच त्याचा धर्म होता. घरात कुणी "मला असं वाटलं" म्हणालं की तो "स्टेप्स सांग" म्हणायचा. बायको वरदा आणि तेरा वर्षांची मुलगी स्वराली, दोघी या वाक्याला विटल्या होत्या.

साताऱ्याला कॉलेजात असताना त्याने मित्रांच्या गाड्या मनसोक्त हाणल्या होत्या, पण इथे लायसन्ससाठी पुन्हा श्रीगणेशापासून सुरुवात करावी लागली. शिकवणारा डगी म्हणून साठीचा एक लालबुंद माणूस होता. त्याने चार महिने एकच गोष्ट घोटून घेतली. जागेवरून हलण्याआधी उजव्या खांद्यावरून मान वळवून मागे बघायचं. आरशावर विसंबायचं नाही, आरशाला दिसत नाही असा एक कोपरा असतोच. या नजरेला इथे 'लाइफसेव्हर' म्हणतात. "मान वळव," डगी ओरडायचा, "नाहीतर एक दिवस मान जागेवर राहायची नाही." परीक्षितची मान इतकी तयार झाली की तो सुपरमार्केटात ट्रॉली वळवतानाही मागे बघायचा, आणि स्वराली खिदळत म्हणायची, "बाबा, चेक! चेक!"

स्वरालीला गाडीवर मागे बसायचं होतं. तिचे पाय फूटरेस्टला टेकत होते, लाल हेल्मेटही आणून ठेवलं होतं. पण परीक्षितने अट घातली. नव्या गाडीचं इंजिन पहिले सहाशे मैल जपून चालवायचं असतं, आणि तेवढ्यात चालवणाऱ्यालाही गाडीची सवय होते. सहाशे मैल भरतील त्या रविवारी पहिली फेरी तिची. तिने लगेच फ्रिजवर कागद चिकटवला आणि दर रविवारी त्यावर मैल लिहू लागली.

गाडीच्या पूजेला वैजयंतीकाकू आल्या. काकू बेचाळीस वर्षं ग्लासगोत होत्या; निवृत्त फार्मासिस्ट, आणि इथल्या तमाम मराठी घरांच्या बिनपगारी आत्या. हळदकुंकू वाहून झालं, चाकाखाली लिंबू चिरडून झालं. मग त्यांनी पिशवीतून मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या आणि एक अख्खं लिंबू काढून कागदात बांधलं आणि ती पुडी परीक्षितवरून नि गाडीवरून सात वेळा उतरवली.

"ही पहिल्या फेरीला तिठ्यावर ठेवायची," काकू म्हणाल्या. "आणि मागे वळून न बघता निघायचं."

"काकू, तुम्ही आयुष्यभर औषधं विकलीत ना?"

"विकली. ते वेगळं, हे वेगळं. ठेवून ये म्हटलं की ठेवून यायचं."

परीक्षित हसला. पण काकूंना नाही म्हणायची छाती ग्लासगोतल्या कुठल्याच मराठी माणसाची नव्हती.

पुढच्या रविवारी सकाळी तो निघाला. स्ट्रॅथब्लेन, डमगॉइनचा उभा डोंगर, मग अबरफॉइल. अबरफॉइलच्या पुढे रस्ता अंग चोरतो. एकच गाडी जाईल एवढी डांबराची पट्टी, एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला शेवाळलेले ओक. थोड्या थोड्या अंतरावर रस्त्याला पोट सुटलेलं, आणि तिथे खांबावर पांढरी पाटी: पासिंग प्लेस. समोरून कुणी आलं तर तिथे थांबायचं. मागून कुणी घाईत आलं तरी थांबून त्याला पुढे जाऊ द्यायचं. आणि ज्याला वाट मिळाली त्याने हात वर करून आभार मानायचे. परीक्षितला ही रीत फार आवडली. पुण्यात रस्त्यावर उठलेला हात त्याने वेगळ्याच कामासाठी पाहिला होता.

गाडी मात्र अजून अंगवळणी पडली नव्हती. रस्त्याच्या मधोमध बारीक खडीची रेघ होती, तिच्यावर चाक गेलं की तो हँडल आवळून धरायचा. उंचवट्यापलीकडे काय आहे ते दिसायचं नाही. एकदा मेंढी निघाली, एकदा भलामोठा लाकडांचा ट्रक. क्लच दाबून दाबून डावा हात आखडला. त्या हातमोज्याची अंगठ्याजवळची शिवण पहिल्याच दिवशी उसवली होती आणि वरदाने ती हाताला लागेल त्या दोऱ्याने, म्हणजे पिवळ्या, शिवून दिली होती.

लॉख चॉन या तळ्याच्या पुढे झाडं विरळ झाली. चढ संपला आणि रस्ता दुसऱ्या रस्त्याला जाऊन आडवा मिळाला. डावीकडे इन्व्हरस्नेड, उजवीकडे स्ट्रोनाक्लाकर, समोर लॉख आर्क्लेटचं राखाडी पाणी. अगदी काकूंना हवा तसा तिठा. ऐन तिठ्यावर कॅम्पर व्हॅनवाले फोटो काढत होते, त्यांच्यादेखत लिंबू ठेवायची त्याला लाज वाटली. म्हणून तो गाडी वळवून परत फिरला आणि पहिल्याच पासिंग प्लेसमध्ये थांबला. पाटीच्या खांबामागे उंच गवत होतं, तिथे त्याने पुडी ठेवली. कचरा टाकल्याची टोचणी मनाला लागली, पण लिंबू काय, कुजून जाईल.

तो गाडीवर बसला. इंजिन चालू केलं, गिअर टाकला, आणि चार महिने घोटलेली मान आपसूक उजव्या खांद्यावरून मागे वळली.

मागे कुणी नव्हतं. पुडी ठेवली तिथेच होती. फक्त तिच्याशेजारचं गवत माणूस बसण्याएवढ्या जागेत दबलेलं होतं, आणि आत्ता कुणी उठून गेल्यासारखं एकेक पातं हळूहळू वर येत होतं.

वारा असेल, असं म्हणून तो निघाला. अर्धा मैल गेला असेल नसेल, उजव्या आरशात एक दिवा दिसला. एकच, गोल, किंचित पिवळट. मोटरसायकल. शहाण्यासारखं परीक्षित पुढच्या पासिंग प्लेसमध्ये बाजूला झाला आणि तिला पुढे जाऊ द्यायला थांबला. कुणी आलं नाही. दोन मिनिटं गेली, पाच गेली. एक कोकरू तेवढं केकाटलं. तो निघाला आणि पुन्हा आरशात बघितलं तर दिवा तेवढ्याच अंतरावर होता. अबरफॉइल आलं, घरं लागली, आणि दिवा दिसेनासा झाला.

घरी काकूंचा फोन आला. "मागे नाही ना बघितलंस?"

"नाही हो," परीक्षित म्हणाला. एवढ्यातेवढ्यावरून म्हातारीच्या जिवाला घोर कशाला.

पुढच्या रविवारी तो पुन्हा त्याच रस्त्याने गेला. खरं तर त्याला टेस्ट घ्यायची होती. तिठ्यापर्यंत काही नव्हतं. त्याच पासिंग प्लेसवरून परतताना दिवा लागला. या वेळी तो अबरफॉइलच्या पुढेही राहिला, गार्टमोरच्या फाट्यापर्यंत. तिसऱ्या रविवारी स्ट्रॅथब्लेनपर्यंत. परीक्षितने वेग कमी केला की तो कमी करायचा, वाढवला की वाढवायचा. तो थांबला की कुणी पुढे यायचं नाही. आरशांची काच त्याने पुसली, आरसे सोडवून पुन्हा बसवले. चूक पुन्हा पुन्हा होत होती, ठरलेल्या स्टेप्सनी, ठरलेल्या जागी. त्याच्याच धर्माप्रमाणे आता तिला भास म्हणता येत नव्हतं, आणि याची त्याला भीती वाटू लागली.

मग त्याने रस्ता बदलला. दोन रविवार तो उलट्या दिशेला, समुद्राकडे गेला. दिवा तिकडेही होता. आता तिठ्याची गरज राहिली नव्हती, आणि अंतरही कमी झालं होतं. आरशात दिव्यावरचं हेल्मेट कळत होतं. काळं, त्याच्यासारखंच. या देशात निम्म्या लोकांची हेल्मेटं काळी असतात, असं तो स्वतःला बजावत घरी आला आणि न जेवता झोपला.

ऑगस्ट संपता संपता तो एका रविवारी गाडी उभी करून आत शिरला, तर स्वराली खिडकीशी होती.

"बाबा, तुझा फ्रेंड आत का नाही आला?"

"कोण फ्रेंड?"

"तो कॉर्नरला थांबला होता ना, पोस्टबॉक्सकडे. त्याचा पण सेम जॅकेट आहे. सेम बाइक. मी वेव्ह केला." ती फ्रिजकडे गेली, पेन शोधलं, आकडा लिहिला. "पाचशे एकतीस! नेक्स्ट संडे माझी टर्न."

परीक्षित बाहेर धावला. पोस्टबॉक्सपाशी कुणी नव्हतं. रस्ता पावसाने भिजला होता, आणि तिथे चाकाच्या रुंदीची एक लांबट जागा तेवढी कोरडी होती.

त्या रात्री त्याने मुलीच्या त्या मागच्या सीटचा विचार केला. गाडीवर परीक्षितच्या पाठीमागे जे काही होतं, त्याच्या सगळ्यांत जवळ ती सीट होती. तो त्या सीटवर पोरीला बसवणार नव्हता. पण नाही का म्हणायचं, हे तो तेरा वर्षांच्या मुलीला कुठल्या तोंडाने सांगणार होता? आणि गाडी विकली तरी त्या पोस्टबॉक्सपाशी उभं राहिलेलं काय विकलं जाणार होतं?

मंगळवारी ऑफिसातून तो थेट काकूंकडे गेला आणि खरं ते सांगून टाकलं. काकूंनी चहाचा कप खाली ठेवला.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "फोनवर आवाजच सांगत होता तुझा."

"आता काय करायचं?"

"खरं सांगू? मला माहीत नाही. माझ्या आईने एवढंच सांगितलं होतं, बघायचं नाही. बघितलं तर काय, ते कुणी सांगितलंच नाही, कारण बघायचंच नसतं." त्यांची बोटं पदराशी चाळा करत होती. "ते तुझ्या मागे लागलंय म्हणजे त्याला कुठेतरी जायचंय. तू सारखा पुढे. तर त्याला वाट दे. तिथेच जा, जिथे ठेवलंस तिथे. थांब, आणि पुढे जाऊ दे. आणि या वेळी परीक्षित, काही झालं तरी मागे बघू नकोस."

"नक्की असंच करायचं ना?"

"मला सुचतंय ते सांगतेय रे," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी नजर चुकवली.

रविवारी स्वराली सकाळपासून जॅकेट घालून बसली होती. लाल हेल्मेट मांडीवर.

"सहाशे व्हायला साठ-सत्तर मैल कमी पडतायत," परीक्षित म्हणाला. "मी एकटा एक फेरी मारून येतो, मग आपण दोघं."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस. तीनपर्यंत येतो."

"चारला मला शिफ्ट आहे," वरदा आतून म्हणाली. "त्याआधी ये, मला टाटा करायचाय तिला."

तो साडेअकराला निघाला. पोस्टबॉक्स ओलांडताच आरशात दिवा लागला. परीक्षितने पुन्हा आरशात बघितलं नाही. संपूर्ण वाट त्याने समोरचं डांबर तेवढं पाहिलं. ढग इतके उतरले होते की भर दुपारी गाड्यांचे दिवे पेटले होते. लॉख आर्डच्या कडेने जाताना समोरून एक पोस्टाची व्हॅन आली आणि पासिंग प्लेसमध्ये थांबली. परीक्षितने हात वर केला. ड्रायव्हरने हात वर केला, आणि मग, परीक्षित पुढे गेल्यावरही, त्याने हात तसाच ठेवला, मागून येणाऱ्यासाठी.

तिठ्यावर आज कुणी नव्हतं. त्याने गाडी वळवली, आणि वळवताना आला तो सगळा रस्ता त्याच्यासमोर आला. खालपर्यंत, पार झाडांपर्यंत. रिकामा.

तो पासिंग प्लेसमध्ये येऊन थांबला. इंजिन बंद केलं. दोन्ही आरसे आत वळवून त्यांची तोंडं टाकीकडे केली. हातमोज्यांतले हात हँडलवर ठेवले.

खांबामागे पुडी नव्हती. हे बघायला मान वळवावी लागली नाही, डोळ्यांच्या कडेने दिसलं. गवत सपाट होतं.

मग समोरच्या पांढऱ्या पाटीवर पिवळट उजेड पडला.

मागे इंजिनाचा आवाज होता. त्याच्याच गाडीचा. कमी वेगात दुसऱ्या गिअरला तिची थोडी कुरकुर व्हायची, ती कुरकुरही होती.

आवाज जवळ आला आणि थांबला. अगदी मागे. गरम इंजिनाचा वास आला. परीक्षितच्या मानेतला स्नायू उडू लागला. चार महिने शिकवलेली मान वळू पाहत होती, आणि त्याने दात दाबून ती समोर धरून ठेवली. त्याला स्वरालीचा आवाज आठवला. बाबा, चेक. त्याने डोळे मिटले.

"जा," तो म्हणाला. "जा पुढे."

गिअर पडल्याचा खट्ट आवाज झाला. कोपराला वारा लागला.

त्याने डोळे उघडले तेव्हा हिरवी गाडी दहा हात पुढे गेली होती. गाडीवर एक माणूस होता. काळं हेल्मेट, त्याचंच जॅकेट. वळणाआधी त्या माणसाने, इथल्या रीतीप्रमाणे, डावा हात वर करून आभार मानले. अंगठ्याजवळ पिवळा दोरा होता.

परीक्षितने आपला डावा हात बघितला. पिवळा दोरा तिथेही होता.

मग वळण रिकामं झालं, आणि परीक्षितला कितीतरी आठवड्यांनी मोकळा श्वास घेता आला. तो चक्क रडला. वाट दिली, गेलं, संपलं. आता घरी जायचं, पोरीला बसवायचं.

गाडी चालू होईना.

बटण दाबलं की दिवे लागायचे आणि विझायचे. त्याने उतारावर ढकलून पाहिली, अर्धा तास झटला. फोनला एक काडी सिग्नल नव्हता. शेवटी गाडी तिथेच सोडून तो स्ट्रोनाक्लाकरच्या धक्क्याकडे चालत निघाला. बोटीच्या धक्क्यावर चहाचं दुकान होतं. घड्याळात तीनला पाच कमी होते. काउंटरवरच्या बाईने त्याचा चेहरा बघून काही न विचारता दुकानाचा फोन पुढे सरकवला.

वरदाने पहिल्याच रिंगला उचलला. "हॅलो?"

"मी बोलतोय. गाडी बंद पडली गं. स्वरालीला सांग—"

"आँ? एवढ्यात बंद पडली? कुठे आहात?"

"आहात म्हणजे?"

"अरे, आत्ता तर निघालात दोघं. दहा मिनिटं नाही झाली." ती हसली. "हा कुठला नंबर? तिला दे ना फोन."

खिडकीबाहेर तळ्यावर बारीक पाऊस पडत होता.

"वरदा, मी... मी हेल्मेट काढलं होतं का?"

"नाही ना. चहा घे म्हटलं, तर नुसती मान हलवलीस. असं का विचारतोयस? आणि एक सांगू का, आम्हाला एवढी लेक्चर्स देतोस, पण निघताना मागे बघितलं नाहीस हं. बिचारी स्वराली तुझ्या पाठीवर थोपटत होती, बाबा, चेक, चेक म्हणून. तू एकदाही मान वळवली नाहीस."